चारशे फोटोंत लग्न मावतं का?

पत्र

ताई, नमस्कार. मुलीचं लग्न डिसेंबरात ठरलंय. आम्ही मुलुंडचे, हॉल दादरला मिळालाय, मुहूर्त गोरज. मुलीने आणि होणाऱ्या जावयांनी परस्पर एक फोटोग्राफर ठरवलाय. तो फाइन आर्टवाला आहे. सगळं मिळून चारशेच फोटो देणार, त्यातले निम्मे ब्लॅक अँड व्हाइट. फ्लॅश मारणार नाही. रिसेप्शनला स्टेजवर रांग लागते तिथे उभा राहणार नाही. करिझ्मा अल्बम, म्हणजे जाड पानांवर फोटो छापलेलं पुस्तक, करत नाही, कापडी पेटीत सुटे प्रिंट देतो. लग्नाआधी एक दिवस घरी येऊन नुसता बसणार आहे, माणसं बघायला! त्याने दाखवलेल्या फोटोंत एका नवरीचा अर्धा चेहरा काळोखात, दुसऱ्यात नुसते मेंदीचे हात आणि मागे सगळं धूसर. आमचे हे म्हणतात, भाच्याच्या लग्नात एवढ्याच पैशात चार हजार फोटो आले. मुलगी म्हणते, स्टेजवरचे फोटो म्हणजे आधार कार्ड. आणि सासूबाई, वय ८६, म्हणतात, माझा फोटो कुणी काढायचा नाही. आमच्या स्वतःच्या लग्नाचा शंभरेक फोटोंचा अल्बम आहे. पानं चिकटलीत, पण अजून बघतो. मी कुणाचं ऐकू?

– वधूची आई, मुलुंड

उत्तर

ताई, आधी आकड्याचं बोलू, कारण तुमच्या यजमानांना तोच खुपतोय. मी गिरगावात स्टुडिओ चालवायचे तेव्हा साध्या घरच्या लग्नाला पाच रोल ठरलेले असायचे. एका रोलवर ३६ फोटो, पाचांचे १८०. त्याआधी ज्यांच्या हाताखाली शिकले, ते यशिकाच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यावर काढत. त्याच्या रोलवर बाराच. सहावा रोल घालायचा तर मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन विचारावं लागे. तेव्हा कुणी चारशे म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, लग्न एकच आहे ना? चार हजारांचं खूळ आलं ते रोल संपेनासा झाल्यावर. भाच्याच्या त्या चार हजारांतले यजमानांनी किती पाहिले, एकदा विचारून बघा. भांडायला नको, जेवताना सहज.

माझं मत आधीच सांगून टाकते. या मुलाला ठेवा. स्टेजसाठी दुसरा माणूस घ्या. आणि सासूबाईंसाठी एक सकाळ राखून ठेवा.

‘फाइन आर्ट’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झालाय. फोटो फिका केला, त्यावर दुधाळ साय चढवली, की झालं फाइन आर्ट, असं समजणारेही पुष्कळ आहेत. तुमचा त्यातला आहे का, हे ओळखायला एक सोपा प्रश्न आहे. तो अर्धा काळोखातला चेहरा पुढे ठेवा आणि विचारा, हा असा का काढलास? नुसतं ‘मूड आहे काकू’ म्हणाला तर सावध व्हा. खिडकी कुठल्या बाजूला होती, मुलीला तिकडे का वळवलं, उरलेली बाजू का सोडून दिली, हे सांगू लागला तर ऐकून घ्या. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून येतो, सगळ्या सावल्या पुसतो, आणि चेहरा थाळीसारखा सपाट होतो. बाजूच्या उजेडात नाकाला उंची येते, गालाला गोलाई येते. त्याची किंमत म्हणून दुसरी बाजू काळोखात जाते. काहींना ते दुःखी वाटतं. नवरीच्या पन्नास फोटोंत तसे पाचच असावेत असं माझंही मत आहे, आणि ते त्याला सांगायला तुम्ही बिचकू नका.

धूसरपणाची तक्रार मात्र फार जुनी. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन नावाच्या बाई १८१५ साली कलकत्त्यात जन्मल्या. त्यांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लेकी-जावयाने कॅमेरा भेट दिला. त्या माणसांना मिनिटं मिनिटं निश्चल बसवत, आणि चेहरे मऊ, किंचित विरघळल्यासारखे उमटत. तेव्हाच्या जाणकारांनी बाईंना फोकस जमत नाही म्हणून नाकं मुरडली. आज तेच फोटो मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. म्हणून काही प्रत्येक धूसर फोटो कॅमेरॉनबाईंचा होत नाही. ८५ मिलिमीटरची लेन्स १.८ वर, म्हणजे खूप रुंद, उघडून दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर जेवढं स्पष्ट येतं त्याची खोली जेमतेम सहा सेंटिमीटर असते. डोळा लख्ख आला तर कान मऊ पडतो. ते एका माणसाला चालतं. पण मुलगी पुढे आणि तिची आजी वीतभर मागे असेल, तर एकीचा चेहरा हरवतो. त्याच्या कामात दोन-तीन माणसांचे फोटो शोधा आणि मागचा माणूस ओळखू येतो का पाहा. मेंदीच्या हातांपेक्षा ती परीक्षा खरी.

आता त्या ‘नुसतं बसण्या’बद्दल. तुम्हाला जे सगळ्यात विचित्र वाटलं, तेच मला त्याच्या कामातलं सगळ्यात खात्रीचं वाटतं. माझ्या स्टुडिओत कुणी एकट्याचा फोटो काढायला आलं की पहिले दहा फोटो वाया जायचे, हे मी धरूनच चालायचे. माणूस फोटोसाठी म्हणून एक चेहरा घरूनच घेऊन येतो. आरशात ठरवलेला असतो तो. दहा-पंधरा मिनिटांनी तो दमतो, खांदे खाली येतात, ओठांची घडी उलगडते. मग काढायचा. (पहिल्या दहांतले निम्मे मी रिकाम्या कॅमेऱ्यावरच काढायचे. रोलचे पैसे कुणाच्या बापाचे होते?) लग्नात ही पंधरा मिनिटं कुणाकडे असतात? नवरीकडे तर मुळीच नसतात. ती ओळख आधी झालेली असेल तरच हळदीच्या गडबडीत तो समोर आला तरी ती सावरून बसत नाही, आणि हाक मारली की मान वळवते ती ओळखीच्या माणसाकडे वळवावी तशी.

तेव्हा त्याला येऊ द्या. खास फराळ, खास साड्या काही नको. तो आला की घरात जे चाललंय ते चालू द्या, याद्यांवरून वाद चालू असेल तर तोही. कॅमेरा पहिला तासभर पिशवीतच राहिला तर माणूस बरा आहे असं समजा. तो घरातल्या खिडक्या बघेल. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत कडक उन्हाचे पट्टे पडतात आणि उत्तरेच्या खिडकीत दिवसभर एकसारखा, शांत उजेड असतो. चित्रकार आपले स्टुडिओ उत्तरेकडे उघडायचे ते यासाठीच. (मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला जातो आणि हा नियम मोडतो, पण तुमच्या लग्नाला त्याचं काय!) उत्तरेची खिडकी बहुधा स्वयंपाकघराची निघेल. निघू दे. ग्रिलमधल्या कुंड्या आणि वाळत घातलेले टॉवेल तेवढे हलवा आणि ट्यूब बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एका चेहऱ्यावर पडले की अर्धा गाल हिरवट दिसतो.

सासूबाईंचं सांगते. राजा दीनदयाळ या जुन्या फोटोग्राफरांचं नाव ऐकलं असेल, मुंबईत त्यांनी १८९६ साली स्टुडिओ काढला. त्याच्या चार वर्षं आधी, १८९२ मध्ये, त्यांनी निजामाच्या मुलखात खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला होता. तिथे फोटो काढायला बाईच असे. पडद्यातल्या बायकांना फोटो नको होता असं नव्हतं. कोण बघतंय, हा प्रश्न होता. तुमच्या सासूबाईंचं ‘नको’ कशाचं आहे ते आधी शोधा. माझ्या अनुभवात म्हाताऱ्या बायका तीन कारणांनी नाही म्हणतात. पहिलं, कवळी. ते सगळ्यात सोपं, ओठ मिटून फोटो काढता येतो आणि तोच छान येतो. दुसरं, सासरे गेलेले असतील तर शुभकार्यात आपण पुढे येऊ नये ही समजूत. पत्रात तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, पण असलं तर फोटोग्राफरकडून ते सुटणार नाही. नातीने स्वतः जाऊन आजीला मांडवात आपल्या शेजारी बसवायला हवं. तिसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही. हार घालायला हाच फोटो काढतील, अशी भीती. माझ्या आत्याने तर मला तोंडावर सांगितलं होतं, ‘भिंतीवरचा काढायला आलीस होय?’ मी म्हटलं, हो, पण घाई नाही. ती हसली, तेव्हाचा फोटो आहे माझ्याकडे.

त्यांना समोर बसवून ‘आजी, इकडे बघा’ करू नका. सकाळी आठ-साडेआठला त्या जिथे रोज बसतात तिथेच बसू द्या, हातात रोजचं काम असू द्या, पालेभाजी निवडणं, वाती वळणं, काहीही. शेजारी नात. बोलणं त्या दोघींचं. तो कोपऱ्यात. आणि एवढं करूनही त्या नाहीच म्हणाल्या, तर विषय तिथे संपला. लांब लेन्स लावून चोरून काढायचा नाही, हे त्या मुलाला आधीच बजावा.

माझी खरी काळजी हॉलची आहे. गोरज मुहूर्त, डिसेंबर. मुंबईत तेव्हा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि आपल्याकडे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत काळोख. शिवाय एसीसाठी हॉलच्या खिडक्यांना जाड पडदे. त्याचे सुंदर फोटो खिडकीच्या उजेडातले आहेत, आणि तुमचं लग्न लागणार पिवळ्या दिव्यांत, डेकोरेटरच्या गुलाबी-निळ्या पार लाइटमध्ये (स्टेजवरचे रंगीत झोताचे दिवे) आणि मागे झगमगणाऱ्या एलईडी भिंतीसमोर. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. पिवळा बल्ब सुमारे ३२०० केल्विनचा, दुपारचा उजेड सुमारे ५५०० चा. एवढ्या फरकातून कॉम्प्युटरवर वाट काढता येते. गुलाबी-निळ्यात मात्र कातडीचा रंगच उरत नाही, मागून कितीही घासा. त्यातून स्वस्त एलईडी दिवे आपल्या विजेबरोबर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्यात नवरीच्या कपाळावर आडवा काळा पट्टा येतो. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदाला ठेवलं की तो बहुधा टळतो. हे त्याला माहीत असायला हवं.

म्हणून त्याच्याकडे एक मागा, आणि यात अजिबात भिडस्तपणा नको: संध्याकाळी, बंद हॉलमध्ये लागलेल्या एखाद्या लग्नाचे सगळे फोटो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. निवडक वीस नकोत. निवडक वीस माझेही चांगले होते. आणि ‘फ्लॅश नाहीच’ हा हट्ट मला पटत नाही. पांढऱ्या छतावर मारून खाली आणलेला फ्लॅश खिडकीइतकाच मऊ होतो. वापरू नकोस हवं तर, बॅगेत ठेव म्हणा. हॉलच्या मॅनेजरला आणि डेकोरेटरला तुम्ही सांगा, मंगलाष्टकं सुरू झाल्यापासून सप्तपदी संपेपर्यंत स्टेजवर साधे पांढरे दिवे, एलईडी भिंत बंद. रिसेप्शनला काय इंद्रधनुष्य करायचं ते करा.

आता लेकीला माझा निरोप द्या. आधार कार्डाचाही उपयोग असतो, बाई. राजापूरहून रात्रभर एसटीत बसून आलेल्या काकांना तुझ्या लग्नात स्टेजवर अर्धा मिनिट मिळतो. तेवढाच त्यांचा. आणि धंद्यातली एक गोष्ट सांगते. स्टुडिओत जुने फोटो मोठे करून घ्यायला लोक यायचे, ते बहुतेक ग्रुप फोटो घेऊन. मागच्या रांगेतल्या एका माणसावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, एवढाच मोठा करून द्या, परवा दहावं आहे. सुंदर, अर्ध्या उजेडातला, कलात्मक फोटो घेऊन कुणी आलं नाही, कारण त्या काकांचा तसा फोटो कुणी काढलेलाच नसायचा.

तेव्हा मुलुंडमधलाच एखादा जुना स्टुडिओवाला रिसेप्शनच्या तीन तासांपुरता ठरवा. छत्री लावलेला दिवा, रांग, सगळे समोर बघा, झालं. खर्च वाढेल, व्हिडिओवाला एकच ठेवा, भागेल. (फाइन आर्टवाल्या मुलाने सांगितलेली रक्कम तुम्ही लिहिलीत, ती मी छापत नाही. वाजवी आहे.) या मुलाचं आणि स्टुडिओवाल्याचं आधी फोनवर बोलणं घडवून आणा, नाहीतर स्टेजवर कोपरं लागतात. विशेषतः अंतरपाटाच्या वेळी. तिथे गुरुजी, दोन्ही मामा, करा घेतलेल्या करवल्या, एवढ्यांनीच जागा भरलेली असते. शेवटचं ‘सावधान’ झालं की अंतरपाट दोन सेकंदांत खाली, आणि त्याच दोन सेकंदांत अक्षतांचा पाऊस. कॅमेऱ्याचा फोकस तांदळाच्या दाण्यावर अडकतो आणि मागे नवरी धूसर, ती मात्र कलेसाठी नव्हे! नवरीचा चेहरा हवा तर नवऱ्याच्या खांद्यामागे उभं राहावं लागतं. ती जागा या मुलाची. बाकीच्यांनी खालून काढायचं. हे आदल्या दिवशी ठरलेलं असू दे.

आणि माणसांची यादी द्या. पंधरा नावं, जास्त नकोत, आणि ती माणसं दाखवायला घरातला एखादा चुणचुणीत भाऊ-बहीण त्याच्यासोबत. हे मी चूक करून शिकले. ठाकूरद्वारच्या एका लग्नात हॉलच्या झरोक्यातून तिरपं ऊन आलं होतं आणि त्यात नवरीची मावशी कापूर-वाती मांडत बसली होती. मी त्या उन्हाच्या मागे अख्खा रोल घातला. फोटो अप्रतिम आले, त्यातला एक प्रदर्शनातही लागला. अल्बम दिला तेव्हा कळलं, नवरीच्या मागे उभ्या असलेल्या मामाचा चेहरा एकाही फोटोत नाही. एकात कोपर आहे, एकात फेट्याचा तुरा. त्या नवरीबाई मला पुढे वर्षानुवर्षं भाजीबाजारात भेटायच्या. नमस्कार-चमत्कार काही नाही. पिशवी सावरत एवढंच विचारायच्या, ‘मामा?’

ब्लॅक अँड व्हाइटचं थोडक्यात. चेहऱ्यांना ते शोभतं, मराठी लग्नाला सरसकट नाही. हळद त्यात फिकट राख होते. हिरवा चुडा आणि लाल कुंकू तर बरेचदा एकाच करड्या रंगाचे दिसतात, आणि तुम्ही तर हे सगळं रंगांसाठी नेसता-भरता. प्रत्येक फोटोची रंगीत प्रत मिळेल एवढं कबूल करून घ्या. त्याच्याकडे ती असतेच.

कागदावर काय हवं? फोटो कधी मिळणार त्याची तारीख, तो आजारी पडला तर कोण येणार, आणि लग्नानंतर वर्षभर तरी दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवायची हमी. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल, मागत बसू नका, ती न शिजलेली भाजी आहे. मालकीचा मुद्दा मात्र नीट वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम सांगतं की पैसे देऊन, सांगून काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढवून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणून हे लोक वेगळा करार करतात, आणि त्यात गैर काही नाही. त्याला आपलं काम गॅलरीत लावायचं असतं. फक्त कुठले फोटो बाहेर दाखवायचे हे त्या-त्या माणसाला विचारून, असं एक वाक्य घाला. पाठवणीला रडणारे तुमचे यजमान जहांगीर आर्ट गॅलरीच्या भिंतीवर तीन फुटी लागले, तर तुम्हाला चालेल कदाचित. त्यांना विचारायला हवं.

कापडी पेटीला घाबरू नका. सुती कागदावर पिगमेंट शाईने काढलेला प्रिंट प्लास्टिक चढवलेल्या अल्बमपेक्षा जास्त टिकतो, अट एकच, मुंबईची ओल लागू द्यायची नाही. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्याआधी त्या बदला. प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो.

राहिला तुमचा स्वतःचा अल्बम. पानं चिकटलीत लिहिलंत, त्यावरून तो चिकट पानांवर पारदर्शक कागद ओढायचा तोच प्रकार असणार. त्याचा गोंद वर्षं गेली की पिवळा पडतो आणि फोटोला धरून बसतो. फोटो नखाने उचकटू नका, मधोमध मोडतो. दात साफ करायचा बारीक दोरा मिळतो, मेण नसलेला. तो फोटोच्या कोपऱ्याखालून घालून करवतीसारखा हळूहळू ओढत न्या. जिथे निघत नाही तिथे सोडून द्या आणि पानासकट कॅमेऱ्यात घ्या. तो मुलगा घरी बसायला येणारच आहे, उत्तरेची खिडकीही सापडलेली असेल. त्याच दिवशी हे काम त्याच्याकडून करून घ्या, आणि अल्बम उघडून कोण कोण ते यजमानांनाच सांगू द्या.